गळाचे सरकते बूच

गळाने मासे धरण्याच्या छंदात मासा न मिळाल्याचे दुःख फारसे कोणी मानीत नाही. पाण्याच्या काठी शांतपणे घालविलेली सकाळ हाच त्या छंदाचा निम्मा लाभ होय. परंतु ती सकाळ जर दोऱ्याचा गुंता सोडविण्यात गेली, तर मात्र मासाही मिळत नाही आणि शांतीही मिळत नाही. काठी टाकली की दोरा बुचाभोवती फिरतो, गळ दोऱ्यात अडकतो, शिसे भलतीकडेच लोंबू लागते. आणि अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर गृहस्थ वैतागून दोरा कापून टाकतो. असे तीनचारदा झाले म्हणजे काठी माळ्यावर जाते आणि पुन्हा खाली येत नाही. वस्तुतः हा गुंता दैवाने होत नाही. तो ठराविक कारणांनी होतो, आणि कारणे ठराविक असल्यामुळे उपायही ठराविक आहेत.

पाण्यावर तरंगणारी जी खूण गळाच्या दोऱ्यास लावतात, तिला येथे बूच म्हटले आहे. मग ती खऱ्या बुचाची असो, भेंडाची असो, मोराच्या पिसाच्या देठाची असो, नाही तर हल्लीच्या प्लॅस्टिकची असो. ही युक्ती जुनी आहे. इ. स. १४९६ मध्ये इंग्लंडात वेस्टमिन्स्टर येथे विंकिन द वोर्ड याने छापलेल्या गळविद्येवरील ग्रंथात बुचास तापलेल्या सळईने भोक पाडून त्यात पिसाचा देठ कसा बसवावा, हे सांगितले आहे. आपल्याकडेही हा विषय राजेलोकांनी हलका मानला नव्हता. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य वंशातील सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा जो विश्वकोशासारखा संस्कृत ग्रंथ रचला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि माशांच्या जाती व त्यांस आवडणारी आमिषे यांचा त्यात विचार केला आहे.

बुचाची कामे दोन. आमिष पाण्यात ठरावीक खोलीवर टांगून ठेवणे हे पहिले, आणि मासा आमिषाला तोंड लावताच काठावर बसलेल्या माणसास ते कळविणे हे दुसरे. यांपैकी खोलीचे महत्त्व पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आपल्या तळ्यांतून आढळणारे कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे एकाच पाण्यात राहतात खरे, परंतु एकाच मजल्यावर राहत नाहीत. कटला बहुधा वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, आणि मृगळ तळाशी. तेव्हा मृगळासाठी ठेवलेली कणकेची गोळी पृष्ठभागापासून चार फुटांवर लोंबत राहिली, तर ती कितीही चविष्ट असली तरी व्यर्थ होय.

येथेच साध्या, म्हणजे दोऱ्यास घट्ट बसविलेल्या बुचाची मर्यादा दिसून येते. पाणी चार फूट खोल असेल, तर बूच गळापासून चार फुटांवर बसवावे आणि काठी फेकावी. काही अडचण नाही. परंतु पाणी बारा फूट खोल असेल आणि काठी सात फुटांची असेल, तर बुचाखाली बारा फूट दोरा लोंबणार. तो दोरा काठीने उचलता येत नाही, मग फेकता कोठून येणार? आणि मासा लागलाच, तरी बूच काठीच्या टोकाशी येऊन अडकते व मासा पाच फूट दूरच राहतो. सह्याद्रीतील धरणांच्या जलाशयांत काठापासून थोड्याच अंतरावर पाणी असे खोल होते. यावरचा उपाय म्हणजे सरकते बूच.

सरकत्या बुचाची कल्पना अत्यंत साधी आहे. बूच दोऱ्यास बांधावयाचेच नाही. त्याच्या पोटातील नळीतून अथवा तळाच्या कडीतून दोरा मोकळा जाऊ द्यावयाचा, आणि जितक्या खोलीवर आमिष हवे तितक्या अंतरावर दोऱ्यास एक बारीक गाठ मारून ठेवावयाची. फेकतेवेळी बूच घसरून खाली शिशापाशी येते. त्यामुळे काठीच्या टोकापासून हात-दीड हातच ऐवज लोंबत असतो. पाण्यात पडल्यावर शिसे बुडू लागते, दोरा बुचातून सरसर खाली ओढला जातो, आणि गाठ बुचापाशी येऊन अडली की सारे थांबते. बूच उभे राहते. बारा फूट काय, वीस फूट पाणी असले तरी कृती तीच. ती गाठ इतकी लहान असते की काठीच्या कड्यांतून निघून रिळावर गुंडाळली जाते व फेकतेवेळी पुन्हा बाहेर येते.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिल लॅक्स नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. तेथे वॉलआय नावाच्या माशासाठी खडकाळ उंचवट्यांवर जळवांचे आमिष याच रीतीने टांगतात. इंग्लंडात कॉव्हेंट्रीचा बिली लेन, ज्याने १९६३ साली गळाच्या मासेमारीची जागतिक स्पर्धा जिंकली, तो खोल पाण्यासाठी या सरकत्या बुचाचा मोठा पुरस्कर्ता होता. पोशाख देशोदेशी वेगळा, पण गाठ, मणी, बूच आणि शिसे हे चार घटक सर्वत्र तेच.

आता जुळणीकडे वळावे. तिच्यात क्रम हा सर्वस्व आहे. रिळावरील दोरा, म्हणजे कोळीवाड्यात ज्याला तंगूस म्हणतात तो नायलॉनचा दोरा, काठीच्या सर्व कड्यांतून ओवून घ्यावा. त्यावर सर्वांत प्रथम थांब्याची गाठ, नंतर मणी, नंतर बूच, नंतर मुख्य शिसे, आणि अखेरीस गळ. पुष्कळ नवशिके मणी बुचाच्या खाली ओवतात. तेथे त्याचा काही उपयोग नाही. मण्याचे काम गाठ आणि बूच यांच्या मध्ये उभे राहण्याचे आहे. गाठ बारीक असते, बुचाचे भोक त्या मानाने मोठे असते. मणी नसेल तर गाठ भोकातून निसटून जाईल. म्हणून मण्याचे भोक इतके बारीक हवे की दोरा त्यातून सहज जावा, पण गाठ जाऊ नये; आणि मणी स्वतः इतका मोठा हवा की तो बुचाच्या भोकात शिरू नये.

थांब्याची गाठ मुख्य दोऱ्याची नसते. ती वेगळ्या, मऊ दोऱ्याच्या वीतभर तुकड्याची असते. तो तुकडा मुख्य दोऱ्याला समांतर धरावा, त्याचे एक टोक मागे वळवून फास करावा, आणि ते टोक फासाच्या आतून दोन्ही दोऱ्यांभोवती चार-पाच वेळा गुंडाळावे. मग गाठ ओली करून दोन्ही टोके सावकाश ओढावी. ओली करण्याचे कारण असे की कोरड्या घर्षणाने नायलॉन तापते आणि दुबळे होते. गाठ इतकी घट्ट असावी की बुचाच्या धक्क्याने हलू नये, परंतु बोटांनी ढकलल्यास वरखाली सरकावी. कारण खोली बदलण्याचे साधन तेच. टोके अगदी मुळाशी कापू नयेत. आखूड ताठ खुंट कड्यांत अडखळतो. अर्धा-पाऊण इंच राहिलेली मऊ टोके मात्र वाकतात आणि सुरळीत पार होतात.

शिशाचे प्रमाण घरीच ठरवावे. उत्तम साधन म्हणजे पाण्याने भरलेली बादली. बुचाच्या टोकाचा जेमतेम अर्धा इंच पाण्यावर राहील इतके शिसे लावावे. फार कमी लावले तर बूच उंच तरंगते, माशाला ओढताना त्याचा विरोध जाणवतो आणि तो आमिष टाकून देतो. फार लावले तर बूच बुडूनच जाते. सरकत्या बुचास आणखी एक अट आहे. शिशाला नुसते बुडावयाचे नसून बुचाच्या भोकातून दोराही ओढून न्यावयाचा असतो, आणि ओला दोरा भोकाला चिकटतो. म्हणून अगदी हलके बूच आणि चिमूटभर शिसे येथे चालत नाही. घट्ट बुचास लागते त्याहून थोडे मोठे बूच आणि त्याला साजेसे भारी शिसे घ्यावे लागते. वजनाचा बहुतेक भाग एका जागी ठेवावा, आणि एखादा बारीक दाणा मुख्य शिसे व गळ यांच्या मधोमध लावावा.

एवढी तयारी झाली तरी गुंता होतोच, असा अनुभव पुष्कळांचा असतो. तेव्हा तो होतो कसा, हे नीट पाहिले पाहिजे. फेकलेल्या जुळणीत तीन वस्तू हवेतून जात असतात : शिसे, बूच आणि गळावरचे आमिष. तिघांचा वेग सारखा राहत नाही. शिसे लहान व जड असल्यामुळे हवा त्यास फारशी अडवीत नाही. बूच मोठे व हलके असल्यामुळे मागे रेंगाळते. आमिष तर एका मोकळ्या दोऱ्याच्या टोकाशी असते. ते मागे पडते, हेलकावे खाते आणि वरच्या दोऱ्याभोवती अथवा बुचाभोवती फिरते. एकदा एक वेढा बसला की पाण्यात पडल्यावर शिसे तो आवळून टाकते. म्हणजे गुंता पाण्यात दिसला तरी त्याचा जन्म हवेत झालेला असतो. यावरून दोन गोष्टी निघतात. गळ बुचापर्यंत पोचूच नये अशी जुळणी करावी, ही पहिली. आणि उड्डाणात दोरा ताठ राहील अशी फेक करावी, ही दुसरी.

पहिल्या गोष्टीसाठी एक साधा हिशेब पुरतो. मुख्य शिशापासून गळापर्यंतचा दोरा जर एक फूट असेल, तर बूच घसरत खाली येऊन शिशापासून सव्वा फुटावरच थांबले पाहिजे. त्यासाठी मुख्य शिशाच्या वर सव्वा फुटावर शिशाचा एक बारीक दाणा चिमटून ठेवावा. बूच त्यावर टेकते. आता गळ उलटा फिरला तरी तो एक फुटाच्या पलीकडे जाऊ शकत नाही, आणि बूच त्याच्या आवाक्याबाहेर राहते. काठी लांब असेल तर दोन्ही अंतरे वाढवावी. परंतु वरचे अंतर खालच्यापेक्षा अधिक, हा नियम मोडू नये. शेवटचा दोरा तीन-चार फूट लांब ठेवण्याचा मोह नवशिक्याने तर टाळावाच.

दुसरी गोष्ट फेकीची. फेकण्यापूर्वी मागे वळून पाहावे. गळ हे धारदार हत्यार आहे, आणि काठावर मुलेबाळे असतात. बूच काठीच्या टोकाखाली हातभर लोंबत ठेवावे, काठी सावकाश मागे न्यावी, आणि मागचे वजन स्थिर होईपर्यंत क्षणभर थांबावे. हा क्षण फार मोलाचा आहे. पुष्कळ गुंते येथेच टळतात. मग काठी एकाच लयीत, हळूहळू वेग वाढवीत पुढे आणावी आणि दृष्टी समोरच्या काठावरील झाडांच्या शेंड्यांकडे असताना दोरा सोडावा. चाबूक मारल्यासारखा झटका देऊ नये. झटक्याने शिसे एकदम पुढे सुटते, बूच मागे राहते, आणि कणकेची गोळी तर गळावरून उडून भलतीकडेच पडते. अंतर झटक्याने वाढत नाही. ते लांब, संथ झोक्याने वाढते.

फेकीचा शेवट हा खरा कौशल्याचा भाग. जुळणी पाण्यास टेकण्यापूर्वी, ती पाण्यापासून पुरुषभर उंचीवर असताना, तर्जनी रिळाच्या कडेस हलकेच लावून दोऱ्यास किंचित आवर घालावा. त्यायोगे शिशाचा वेग कमी होतो, मागे राहिलेले आमिष पुढे निघून जाते, आणि सारा दोरा हवेत ताठ होतो. मग गळ सर्वांत दूर, त्याच्या अलीकडे शिसे, आणि त्याच्या अलीकडे बूच, अशा ओळीने सर्व वस्तू पाण्यावर उतरतात. ओळ सरळ असेल तर गुंत्याला जागाच उरत नाही.

यानंतर नवशिक्याची सर्वांत मोठी चूक होते. बूच पाण्यावर पडले की त्याला रीळ बंद करून दोरा ताणण्याची घाई होते. तसे केल्यास दोरा बुचातून सरकूच शकत नाही. शिसे खाली जाण्याऐवजी झोका घेत काठाकडे येते आणि आमिष हव्या त्या खोलीवर कधीच पोचत नाही. म्हणून रीळ उघडेच ठेवावे, काठीचे टोक खाली करावे, आणि जरूर तर हाताने थोडा दोरा सोडावा. बूच प्रथम आडवे पडलेले दिसेल. शिसे बुडत असताना ते किंचित थरथरेल. मग गाठ मण्याशी येऊन भिडली की ते डौलाने उभे राहील. तेव्हाच रीळ बंद करावे, तेही शक्यतो हाताने. आणि सैल दोरा बोटांत धरून गुंडाळावा, म्हणजे रिळावर सैल वेढे पडत नाहीत.

आडवे बूच उभे राहण्यास किती वेळ लागतो, हे पहिल्या दोनतीन फेकींत मनात आकडे मोजून ठरवून ठेवावे. पुढे तोच आकडा काठावरून पाण्याखालची बातमी देतो. नेहमी दहा मोजेपर्यंत लागत असून बूच पडताक्षणीच उभे राहिले, तर दोरा बुचाशी गुंतला आहे असे समजावे आणि ओढून पाहावे. ते आडवेच राहिले, तर दोरा भोकात अडला असेल, शिसे तळाला टेकले असेल, अथवा एखाद्या माशाने बुडते आमिष मध्येच झेलले असेल. तिन्ही प्रसंगी स्वस्थ बसून उपयोग नाही.

तळाची खोली मोजण्याची रीत याच तत्त्वावर आहे. गळास एक भारी वजन तात्पुरते अडकवून जुळणी टाकावी. बूच पाण्याखाली ओढले गेले, तर गाठ गळाच्या फार जवळ आहे. ती काठीच्या बाजूस सरकवावी. बूच आडवे लोळत राहिले, तर अंतर पाण्याच्या खोलीहून अधिक आहे. गाठ गळाच्या बाजूस आणावी. टोक जेमतेम दिसू लागले की खोली सापडली. मग मृगळासाठी आमिष तळाशी टेकते ठेवावे आणि रोहूसाठी गाठ काही फूट खाली घ्यावी.

वारा असेल तर पाण्यावर तरंगणाऱ्या दोऱ्याची कमान होते आणि ती बुचास ओढून नेते. अशा वेळी बूच उभे राहिल्यावर काठीचे टोक पाण्यात बुडवून रिळाचे दोनचार फेरे घ्यावे, म्हणजे दोरा पाण्याखाली जातो. बूच बुडताच जागच्या जागी हिसका देऊ नये. दोरा बुचापाशी कोन करून खाली गेलेला असतो, आणि नुसत्या हिसक्याने तो कोनच सरळ होतो, गळ हलत नाही. आधी ढील गुंडाळून मग काठी लांब झोक्याने उचलावी.

रिळाविषयीही दोन शब्द अवश्य आहेत. इंग्लंडात आल्फ्रेड इलिंगवर्थ याने १९०५ साली स्थिर रिळाचे पेटंट घेतले, आणि १९३८ साली नायलॉन जाहीर झाल्यावर लवकरच त्याचा दोरा या रिळांवर आला. या जोडीने फेक सोपी झाली, परंतु पीळ ही नवी व्याधी आली. रीळ काठोकाठ भरल्यास वेढे आपोआप सुटून पडतात. म्हणून कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी. शिसे व शेवटचा दोरा यांच्या मध्ये एक फिरती कडी बसविल्यास आमिषाच्या गिरक्यांचा पीळ वर चढत नाही.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. एका माणसाची सकाळ वाया जाते, एवढाच प्रश्न असता तर त्याचे उत्तर हसण्यावारी नेता आले असते. परंतु गुंतलेला दोरा क्वचितच घरी परत येतो. तो कापून काठावर टाकला जातो, अथवा झुडपात अडकून राहतो. सुताचा दोरा कुजून जात असे. नायलॉन वर्षानुवर्षे तसेच राहते. बगळे, पाणकावळे, टिटव्या यांच्या पायांस ते वेढते, आणि पक्षी जितका झटकतो तितका फास आवळतो. शिशाचे दाणे तर विषच. इंग्लंडात हंस ते खड्यांबरोबर गिळीत आणि मरत. म्हणून तेथे १९८७ साली गळाच्या शिशाच्या लहान वजनांची विक्री बंद करण्यात आली, आणि कथिल व टंगस्टन यांसारख्या धातूंची वजने प्रचारात आली. आपल्याकडेही जेथे ती मिळतील तेथे तीच घेणे श्रेयस्कर.

माशाच्या बाबतीतही तेच. गुंतलेल्या जुळणीचे बूच खरी बातमी देत नाही. मासा आमिष पोटापर्यंत गिळून बसतो आणि काठावर काही कळत नाही. मग तो सोडून द्यावयाचा ठरविला तरी गळ काढता येत नाही. तुटका दोरा घेऊन गेलेला मासा तर गळ तोंडात वागवीत फिरतो. जो घेतला तो खाण्यासाठी घ्यावा, जो सोडावयाचा तो धडधाकट सोडावा, इतकी माणुसकी या छंदाने पाळली नाही तर त्यास विनोद हे नाव शोभणार नाही.

तेव्हा ज्या घरी माळ्यावर काठी पडून असेल, त्या घरी ती एकदा खाली काढावी. पहिली संध्याकाळ बादली, बूच आणि शिसे यांत घालवावी. दुसरी मोकळ्या मैदानात, गळ न लावता, नुसते वजन फेकण्यात. तिसऱ्या दिवशी, ज्या तळ्यावर मासेमारीस परवानगी लागते तेथे ती रीतसर घेऊन, पाण्याकाठी जावे. खिशात एक लहान पिशवी असू द्यावी, आणि दोऱ्याचा जो तुकडा कापला जाईल तो तिच्यात टाकावा. मग तो आपला असो की आदल्या दिवशी कोणी टाकून गेलेला असो. मासा मिळणे न मिळणे माशाच्या हाती आहे. काठ आला तसा स्वच्छ ठेवून जाणे मात्र सर्वस्वी माणसाच्या हाती आहे.